बाळसे आणि धाप

पाळण्यातले मूल पाहायला आलेल्या बायांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'बाळसे'. बाळसे धरले का? मनगटाला वळी पडली का? गाल भरले का? पोर अंगाने भरलेले दिसले की आजी कानामागे काजळाचे बोट लावते, मीठमोहऱ्या उतरवून टाकते आणि मनातून सुखावते. याउलट 'दमेकरी पोर' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते बरगड्या मोजून घ्याव्यात असे काटकुळे, खांदे वर ओढून रात्रीबेरात्री अंथरुणात उठून बसणारे मूल. गुटगुटीत मूल आणि दमेकरी मूल ही आपण मनाशी दोन टोके धरून ठेवली आहेत. ती तशी दोन टोके नाहीत, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्पष्ट झाले आहे. शाळकरी वयातले जादा वजन आणि दमा यांचे एकमेकांशी नाते आहे. एक दुसऱ्याला ओढून आणते. ही गोष्ट कळायला इतका काळ का लागला, याची हकिकत मला आज सांगायची आहे. मी इतिहास शिकवणारा माणूस. औषध सांगणे माझे काम नव्हे, ते तुमच्या डॉक्टरांचे. पण एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसत का नाही, हा प्रश्न मात्र इतिहासाचाच आहे.

हा इतिहास सांगायला फार लांब जायला नको. पैठण रस्त्यावरच्या चितेगावहून निघालो आणि छत्रपती संभाजीनगर ओलांडले की देवगिरीचा किल्ला लागतो. तेथे यादवराजे महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) आणि रामचंद्र (१२७१ ते १३११) यांच्या पदरी हेमाद्री पंडित मोठ्या अधिकारावर होता. हेमाडपंती देवळे आणि मोडी लिपी यांच्यामुळे त्याचे नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण या हेमाद्रीने वैद्यकावरही लेखणी चालवली, हे फारसे कोणी सांगत नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावर त्याने 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा, आणि तो केशवही ग्रंथकार. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आपल्या या मुलखात वैद्यकाची चर्चा चांगली रंगत असली पाहिजे.

त्या 'अष्टांगहृदया'त एक अध्याय असा आहे की त्यात उपचारांचे दोनच ठळक भाग पाडले आहेत. अंग वाढलेल्याला हलके करायचे आणि अंग झडलेल्याला भरायचे. त्याच अध्यायात वाग्भट सांगतो की लठ्ठपणापेक्षा कृशपणा परवडला, कारण लठ्ठ माणसाला औषध सापडणे कठीण. आपल्या आज्यांनी हे ऐकले असते तर वाग्भटाला दारात उभे केले नसते! चरकानेही अतिस्थूल माणसाचे आठ दोष मोजले आहेत. भूक फार, तहान फार, घाम फार, आयुष्य कमी, अशी ती यादी आहे. श्वासाचा उल्लेख मात्र त्या आठांत नाही. तो सुश्रुताने केला. मेद वाढलेल्या माणसाला 'क्षुद्रश्वास' लवकर गाठतो, असे तो सांगतो.

आता या 'क्षुद्रश्वास' शब्दापाशी थोडे थांबू, कारण पुढचा सारा घोळ येथूनच सुरू होतो. जुन्या वैद्यकाने श्वासरोगाचे पाच प्रकार केले. त्यातला 'तमकश्वास' म्हणजे साधारणपणे आपला दमा: झटका येतो, छातीत घरघर होते, आडवे पडले की जीव घाबरा होतो, उठून बसले की जरा बरे वाटते, आभाळ भरून आले की वाढतो. 'क्षुद्रश्वास' म्हणजे जरा काही काम केले की लागणारी आणि बसले की शमणारी धाप. पहिला रोग कष्टाने आटोक्यात राहणारा. दुसऱ्याला त्यांनी फारसे धोक्याचे मानले नाही. जुन्या वैद्यांचे निरीक्षण पाहा किती बारीक होते! चढ चढताना लठ्ठ माणसाला लागणारी धाप निराळी आणि दमा निराळा, हे त्यांनी ओळखले. पण त्याबरोबर मेदाचे नाते फक्त धापेशी जोडले गेले, दम्याशी नाही. मेद तमकश्वासालाही बळ देत असेल का, हा प्रश्न तसाच राहिला.

पश्चिमेकडेही गाडी याच चाकोरीतून गेली. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये मैमोनिडीस नावाचा ज्यू वैद्य होता. राजघराण्यातल्या एका दमेकऱ्यासाठी त्याने दम्यावर एक छोटा ग्रंथ अरबीत लिहिला. त्यात औषधांपेक्षा खाणेपिणे, झोप, हवा आणि व्यायाम यांवर भर आहे. पोट तडस लागेपर्यंत भरू नये, हे तो बजावून सांगतो. पुढे इंग्लंडात जॉन फ्लॉयर याने १६९८ साली आणि हेन्री हाइड सॉल्टर याने १८६० साली दम्यावर ग्रंथ लिहिले. दोघेही स्वतः दमेकरी, त्यामुळे लिहिणे अनुभवाचे. सॉल्टरने दमेकऱ्याच्या शरीराचे जे चित्र काढले ते कृश, वर आलेल्या खांद्यांच्या, पोक काढलेल्या माणसाचे. हेच चित्र डॉक्टरांच्या आणि लोकांच्याही मनात पक्के बसले. अमेरिकेचा पुढे अध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट १८५८ साली जन्मला. लहानपणी तो दम्याने बेजार असे. त्याला काळी कॉफी पाजत, सिगार ओढायला लावत! (त्या काळच्या उपचाराचा हा मासला. कोणी करून पाहू नये.) हा मुलगाही हडकुळाच होता, आणि त्याच्या बापाने त्याला व्यायामशाळेत घातले ते अंग भरावे म्हणून.

या काळात एकाच माणसाने वजन आणि श्वास दोन्ही एकत्र मोजले. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने श्वास मोजण्याचे यंत्र केले आणि दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकायला लावून १८४६ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उंची वाढते तशी छातीत मावणारी हवा वाढते, हे त्याने दाखवले. वजन प्रमाणाबाहेर गेले की ती हवा कमी होते, हेही त्याच्या नोंदीत आहे. पण त्याला विमा कंपन्यांसाठी निरोगी माणूस कोणता ते ठरवायचे होते, मुलांचा दमा हा त्याचा विषय नव्हता. त्यानंतर १९५६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अतिलठ्ठ माणसाच्या मंद श्वासाच्या विकाराला 'पिकविकी' असे नाव दिले, ते चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीतल्या सदा पेंगणाऱ्या जाड्या पोरावरून. तेथेही दम्याचे नाव नाही.

त्याच वर्षी, १९५६ साली, दम्याच्या बाबतीत दुसरी मोठी घटना घडली आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. अमेरिकेत एका औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. तिने आदल्या वर्षी बापाला विचारले की केसांवर मारायचा फवारा जसा डब्यात मिळतो, तसे माझे औषध का मिळत नाही? पोरीच्या या प्रश्नातून दम्याचा पंप जन्माला आला. पुढे १९६९ साली साल्ब्युटामॉल आणि १९७२ च्या सुमारास सूज उतरवणारे बेक्लोमेथासोन पंपातून मिळू लागले. ही खरोखर फार मोठी सोय झाली. पूर्वी जेथे मूल रात्रभर तळमळत असे, तेथे दोन फवाऱ्यांनी पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा होऊ लागला. मग संशोधनही औषधांभोवती, धुळीभोवती, परागकणांभोवती फिरत राहिले. मुलाचे वजन काट्यावर नोंदले जाई ते औषधाची मात्रा ठरवण्यापुरते.

आता पुन्हा आपल्या पैठण रस्त्यावर येऊ. शहरापासून चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ, चितेगावात, व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकानंतर या कंपनीचे दूरचित्रवाणी संच देशभर घरोघर गेले आणि कंपनीच्या कागदांवर आपल्या या गावाचे नाव छापले गेले. आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी तरुणांना रस्त्यावरच्या कारखान्यांनी पगार दिला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तो इतिहास वेगळा आहे. मला येथे एक योगायोग सांगायचा आहे. ज्या दशकात हा रंगीत पडदा आपल्या ओसरीवर आला, त्याच दशकात, १९८५ साली, डिट्झ आणि गॉर्टमेकर या दोन अमेरिकन संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा प्रश्न असा, की आपण मुलांना दूरचित्रवाणीपुढे बसवून खुराकावर घालतो आहोत काय? जितके तास पडद्यापुढे, तितका लठ्ठपणा अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. खेळणे कमी, बसणे जास्त, बसल्या बसल्या तोंड चालू, आणि जाहिरातीत पाहिलेला खाऊ दुसऱ्या दिवशी दुकानात मागायचा. विटीदांडू, लगोरी, हुतूतू यांचे जे झाले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे. आज पडदा हातात आला, एवढाच फरक.

आपल्याकडे मात्र हा धोका कोणाच्या मनात येणे अवघड होते, आणि त्याला सबळ कारण आहे. मराठवाड्यातल्या माणसाला १९७२ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. खडी फोडणारे हात, मिळणारी सुकडी, तांबडी मिलो ज्वारी हे ज्यांनी अंगावर काढले, त्यांची नातवंडे आज शाळेत आहेत. ज्या आजीने उपाशी पोर मांडीवर घेतले, तिला भरलेल्या गालात रोग कसा दिसावा? तिच्या लेखी चरबी म्हणजे आयुष्याची दोरी. तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आजही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. जादा वजनाची मुले होती ४.१ टक्के. आकडा लहान दिसतो खरा. पण २०१५-१६ च्या पाहणीत तो १.९ टक्के होता, म्हणजे चार-पाच वर्षांत दुपटीच्या पुढे गेला. कुपोषणाचे ओझे तसेच आणि त्यावर हे दुसरे. एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात, दोन्ही नांदतात.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती पुण्याजवळच्या खेड्यांतून उजेडात आली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी चालवली. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टन शहरातल्या बाळांचे ३.५ किलो. पण हातपाय आणि पोट लहान असले तरी आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. दिसायला बारीक, आतून मेदाळ. हे संशोधन मधुमेहासाठी झाले, दम्यासाठी नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. पण शाळेच्या दृष्टीने त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. अशा बाळाला पुढे नुसत्या खाऊच्या पुड्यांनी आणि गोड बिस्किटांनी 'भरून काढले' तर भरते ते पोट, दंड-मांड्या नाहीत. हात काटकुळे आणि पोट पुढे अशी मुले तुमच्या वर्गात किती आहेत, ते उद्या प्रार्थनेच्या वेळी पाहा.

दमा आणि वजन यांची गाठ शेवटी पडली ती मोठमोठ्या मोजण्यांतून. १९९८ साली 'आयझॅक' नावाच्या जागतिक पाहणीचा वृत्तांत आला. ५६ देशांतली १५५ केंद्रे, १३-१४ वर्षांची ४ लाख ६३ हजार ८०१ मुले. त्या केंद्रांत आपले पुणे होते, अकोलाही होते. छातीत घरघर होते का, रात्री खोकला येतो का, असे साधे प्रश्न मुलांना विचारले गेले. वजन तेव्हा विचारले नव्हते. १९९९ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका दीर्घ अभ्यासातून दिसले की आधी वजन वाढलेल्या स्त्रियांत नंतर दमा अधिक होतो. येथे 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द मोलाचे आहेत. मग 'आयझॅक'च्या पुढच्या फेरीत मुलांच्या वजनाकडेही पाहिले गेले, आणि २०१३ च्या वृत्तांतात दिसले की जादा वजनाच्या मुलांत घरघर अधिक आहे. रोज पाच तास किंवा त्याहून जास्त वेळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्या किशोरवयीन मुलांतही ती अधिक होती.

तरी एक शंका उरत होती, आणि ती सुश्रुताचीच शंका म्हणायला हरकत नाही. ही सारी लठ्ठ मुलांची साधी धाप तर नव्हे? डॉक्टर तिलाच दमा म्हणून बसले असतील तर? २०१८ साली याचे उत्तर मिळाले. अमेरिकेतल्या बालरुग्णालयांच्या नोंदींतून पाच लाखांहून अधिक मुलांचा माग काढण्यात आला. साध्या वजनाच्या मुलांपेक्षा लठ्ठ मुलांत नव्याने दमा होण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी जास्त निघाले. किंचित जादा वजनाच्या मुलांतही ते वाढलेले होते. आणि ज्यांचा दमा फुंकर मोजण्याच्या यंत्राने पक्का केला होता, तेवढीच मुले वेगळी काढली तरी फरक तसाच राहिला. म्हणजे ही नुसती धाप नव्हती. त्या अभ्यासकांचा अंदाज असा, की लठ्ठ मुलांत नव्याने होणाऱ्या दम्यापैकी सुमारे पाव हिस्सा त्या लठ्ठपणामुळेच होतो.

हे घडते कसे? लोहाराचा भाता आठवा. भात्यावर कोणी दगड ठेवला तर तो पुरता फुलत नाही. पोटातली चरबी खालून पडद्याला वर ढकलते, छातीवरची चरबी वरून दाबते, आणि फुप्फुस पुरते न फुलता उथळ श्वास चालू राहतो. फुप्फुस फुलले की त्यातल्या नळ्याही ताणून रुंद होतात. ते फुलले नाही तर नळ्या अरुंद राहतात, आणि मग जराशा धुळीने, धुराने, सर्दीने त्या आवळतात. दुसरी गोष्ट अशी की चरबी हा काही निर्जीव साठा नव्हे. १९९४ साली 'लेप्टिन' नावाचे द्रव्य सापडले. ते चरबीच्याच पेशी रक्तात सोडतात. अशी आणखीही द्रव्ये आहेत, आणि त्यांतली काही शरीरात सूज वाढवतात. दमा म्हणजे तरी काय, श्वासनळ्यांची सूजच. तिसरी गोष्ट २०१७ मध्ये पुढे आली: लठ्ठ मुलांत फुप्फुसाचे आकारमान वाढते, पण नळ्यांची रुंदी त्या मानाने वाढत नाही. भाता मोठा आणि नळी चिंचोळी, असे होते. शिवाय काही अभ्यासांत असे आढळले की सूज उतरवणारा पंप लठ्ठ मुलांना तितकासा लागू पडत नाही.

येथे एका गोष्टीचा इशारा देतो. वजन हेच दम्याचे कारण, असे कोणी समजू नये. घराण्यातला वारसा, चुलीचा धूर, बापाची विडी, रस्त्याची धूळ, कापसाचे तंतू आणि पुण्याजवळ पन्नाशीच्या दशकात प्रथम नोंदले गेलेले व आता बांधाबांधावर माजलेले गाजरगवत, ही कारणे आपल्याकडे जुनी आणि जोरकस आहेत. दम्याची बरीचशी मुले आजही बारीकच असतात. पण ज्या मुलात दोन्ही एकत्र येतात त्याचे हाल दुप्पट होतात, आणि तेथे आपण मोठी माणसेच बहुधा नकळत भर घालतो.

कशी, ते सांगतो. मुलाला एकदा छातीत घरघर झाली की घरून चिठ्ठी येते, याला पी.टी.ला पळवू नका. गुरुजीही जबाबदारीच्या भीतीने त्याला ओट्यावर बसवतात. इकडे आई म्हणते, आजारी लेकरू, त्याला दोन घास जास्त. दमा म्हणून बसवला, बसला म्हणून वजन वाढले, वजन वाढले म्हणून धाप लागली, धाप लागली म्हणून पुन्हा बसवला. तेल्याचा बैल फिरावा तसे हे मूल फिरत राहते. ही नुसती माझी कल्पना नव्हे. दक्षिण कॅलिफोर्नियात दोन हजारांवर मुलांना बालवर्ग-पहिलीपासून दहा वर्षे पाहिले. सुरुवातीला त्यांतले कोणीही लठ्ठ नव्हते. २०१७ साली वृत्तांत आला: ज्यांना आधीपासून दमा होता, त्यांच्यात पुढे लठ्ठ होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी जास्त. आणि जी मुले झटक्याच्या वेळी पंप वापरत होती, त्यांच्यात हा धोका ४३ टक्क्यांनी कमी! पंपाने श्वास मोकळा होतो आणि श्वास मोकळा असला की पोर खेळते, एवढा साधा याचा अर्थ असावा.

पण पंपाचे नाव काढले की आपल्याकडे घरात शांतता पसरते. 'पंपाची सवय लागते', 'शेवटचा उपाय आहे', 'पोरीचे लग्न जमायचे नाही.' म्हणून मग गुप्त पुड्या येतात. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. त्याने चार दिवस फार बरे वाटते, भूक खवळते, तोंड गोल होते, आणि आजी म्हणते, पुडी अंगी लागली बघा! ते बाळसे नव्हे, ती औषधाची सूज. पंपातले स्टिरॉइड अगदी थोडे असते आणि थेट नळीत जाते. पोटातून घेतलेल्याची गोष्ट निराळी.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे दम्याची आपली एक वाट हैदराबादलाही जाते. मृग लागला की तेथे बत्तिनी घराण्याकडून जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा रुग्णाला गिळायला देतात. घराण्याच्या सांगण्याप्रमाणे ही प्रथा १८४५ पासूनची. पुढे पंचेचाळीस दिवस पथ्य. या औषधाने दमा बरा होतो हे शास्त्राच्या कसोटीवर ठरलेले नाही. जाणारे श्रद्धेने जातात, आणि कोणाची श्रद्धा मोडायला मी येथे बसलेलो नाही. मात्र मुलाला तेथे नेताना चालू असलेला पंप बंद करून नेऊ नये. मृगाच्या भरल्या हवेत, गर्दीत आणि प्रवासात त्याची गरज अधिकच असते.

देशातल्या नऊ केंद्रांत, त्यांत पुणेही आले, सव्वा लाखाहून अधिक मुले आणि पालक यांची अलीकडे पाहणी झाली. ज्यांना घरघर होत होती अशांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा आहे असे कोणी सांगितलेलेच नव्हते. तेव्हा गुरुजी आणि बाई, तुमची नजर येथे डॉक्टरांच्या आधी पोचू शकते. कोणते मूल पळून आल्यावर पाच-दहा मिनिटांनीही खोकत राहते, कोणाच्या छातीत शीळ वाजते, कोण रात्रीच्या खोकल्याने सकाळी वर्गात पेंगते, आणि कोणाला फक्त जिना चढताना धाप लागून बसताच ती जिरते, हा फरक तुम्ही टिपू शकता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक, ज्या योजनेचा आरंभ २०१३ साली आपल्या पालघरला झाला, शाळेत आले की त्यांना हे आपणहून सांगा. उंची आणि वजन मांडायला भारतीय मुलांसाठी २०१५ साली केलेले तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते स्वीकारले. त्यांत २३ आणि २७ अशा दोन रेषा आहेत. मूल पहिल्या रेषेवर गेले तर वजन जादा, दुसरीच्या वर गेले तर लठ्ठपणा. सरसकट डोळ्यांच्या अंदाजापेक्षा या रेषा बऱ्या. एक मात्र पथ्य पाळा: वजन मोजायचे ते एकेकाला बाजूला घेऊन. सगळ्या वर्गासमोर आकडा वाचला की त्या मुलाला 'ढब्बू' हे नाव दहावीपर्यंत चिकटते, आणि मग ते मैदानाकडे फिरकत नाही.

मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवण्याचा खटाटोप करू नये. ते वाढीचे वय असते. बहुतेक मुलांच्या बाबतीत डॉक्टर एवढेच सांगतात, की उंची वाढू द्या आणि वजन आहे तेथे थांबवा. वर्ष-दोन वर्षांत हिशेब आपोआप जुळत येतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण, पालेभाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, अंडे हे घरचेच खाणे पुरते. खाऊची पुडी, गोड शीतपेय आणि चहाबरोबरची बिस्किटे एवढी कमी करायची. जमले तर घरातल्या सगळ्यांनीच कमी करावी, एकट्या पोराच्या ताटावर पहारा बसवू नये.

खेळाच्या बाबतीत, दमा असलेल्या मुलाला खो-खो खेळता येतो. आधी पाच-दहा मिनिटे हळू धावून अंग गरम करायचे, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळापूर्वी पंधरा मिनिटे पंप घ्यायचा. पंप शाळेच्या कपाटात कुलपात ठेवू नये. तो मुलाच्या दप्तरात हवा आणि वर्गशिक्षकाला तो कसा घ्यायचा ते ठाऊक हवे. लहान मुलाला फवारा आणि श्वास यांचा मेळ साधत नाही. त्यासाठी स्पेसर नावाचा प्लॅस्टिकचा पोकळ डबा मिळतो. पंप त्याच्या एका टोकाला लावायचा आणि दुसऱ्या टोकाने मूल सावकाश श्वास घेते. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची. झटक्याचा पंप घेऊनही श्वास मोकळा झाला नाही, ओठ निळसर दिसू लागले किंवा मुलाला एक वाक्य पुरे बोलता येईना, तर घरून कोणी येण्याची वाट न पाहता त्याला थेट दवाखान्यात न्यायचे. १०८ क्रमांकाची गाडी त्यासाठीच आहे.